पाच एचपीचा सोलर पंप अडीच वर्षं वापरला, त्याचं सगळं बरं-वाईट

आमच्या बचत गटातल्या तिघींनी एकाच आठवड्यात विचारलं, ताई सोलर पंप घ्यावा का नाही, तुमच्याकडं तर आहे. म्हणलं प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. आमची शेती जालना जिल्ह्यात, साडेचार एकर, त्यातली दोन एकर मोसंबी, बाकी कापूस, तूर, सोयाबीन आणि विहिरीला पाणी असलं तर रब्बी. घरचे वाळूजला कंपनीत शिफ्टला असतात, आबांचं म्हणजे सासऱ्यांचं वय झालंय, त्यामुळं शेत मीच बघते.

पंप ५ एचपीचा आहे, प्लेटा ३२५ वॅटच्या पंधरा, विहीर पंचावन्न फूट. कुसुम योजनेतून २०२३ ला बसला. सातबारा आबांच्या नावावर म्हणून अर्ज पण त्यांच्याच नावानं. आमचा हिस्सा दहा टक्के होता, सत्तावीस हजाराच्या आत-बाहेर भरले, बाकी केंद्र आणि राज्य सरकारचं अनुदान. आता २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप योजना चालू आहे, त्यातही ओपनला दहा टक्के आणि एससी-एसटीला पाच टक्केच भरायचेत, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्याच्यावर साडेसात.

त्याच्या आधी काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वीज कनेक्शनचं कोटेशन भरून चार वर्षं झालेली, पोल पार लांब, कनेक्शन काही आलं नाही. मग डिझेल इंजन. ज्यांनी इंजन चालवलंय त्यांना माहीत आहे, हँडल मारायला अंगात जोर लागतो, थंडीत तर दोन-तीनदा मारल्याशिवाय फटफट सुरूच होत नाही आणि हँडल उलटं आलं तर मनगट गेलंच समजा. माझ्यानं ते होत नव्हतं. म्हणजे दोन एकर बाग माझ्या हातात पण तिला पाणी द्यायचं तर आधी कुणाला तरी हाक मारायची, भाऊ जरा इंजन चालू करून देता का, आणि बंद पडलं की परत हाक. सोलर बसल्यावर पहिल्या दिवशी मी कंट्रोलरचं बटण दाबलं आणि पाईपातून पाणी आलं तेव्हा मला रडू आलं, हे मी खोटं नाही सांगत. कुणाला बोलवावं लागलं नाही. नुसत्या एवढ्यासाठी जरी कुणी विचारलं तरी मी घ्या म्हणेन.

दुसरी गोष्ट दिवसा पाणी. आमच्या चुलत दिरांकडं कनेक्शन आहे, पण तेव्हा आठवड्यातले काही दिवस लाईट रात्री यायची, मग बॅटरी घेऊन दारे धरायला जायचं, हिवाळ्यात गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे मांडीपर्यंत कपडे ओले आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही, जाऊबाई ते परत येईपर्यंत जाग्या. आमचं ते संपलं, ऊन आहे तवर पाणी आणि अंधार पडायच्या आत घरी.

आता पाणी किती येतं, कारण सगळे हेच विचारतात. मी २०० लिटरचा ड्रम ठेवून मोबाईलवर वेळ लावून मोजलंय. एप्रिलमध्ये दुपारी बाराला ड्रम अर्ध्या मिनिटात भरला, सकाळी नऊला सत्तर सेकंद लागले, संध्याकाळी पाचला दीड मिनिट, आणि ढग आले की धार मनगटाएवढीची करंगळीएवढी होते. म्हणजे लाईटच्या मोटारीसारखं एकसारखं पाणी येणार नाही, हे डोक्यात पक्कं ठेवून घ्या. पाटानं पाणी देत असाल तर सकाळचं पाणी सरीच्या शेवटापर्यंत पोचतच नाही, तिथंच जिरतं. पावसाळ्यात खंड पडला, आभाळ आहे पण पाऊस नाही, पिकाला पाणी हवंय, तर त्या दिवसात पंप असून नसल्यासारखा. ऑगस्टमध्ये सोयाबीन शेंगा भरत असताना नेमकं असं झालं, चार दिवस आम्ही नुसते आभाळाकडं बघत बसलो.

ठिबकवाल्यांनी हे नीट वाचा. ठिबकला साधारण एक किलोचा दाब लागतो आणि सोलरचा दाब उन्हाबरोबर खालीवर होतो. सुरवातीला आम्ही दोन्ही एकर एकदम चालू करायचो तर वरच्या ओळींना थेंब पडायचे आणि टोकाच्या ओळी कोरड्या, झाडं पिवळी पडायला लागली तेव्हा लक्षात आलं. मग बागेचे चार भाग केले, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व, भर दुपारी लांबचे दोन भाग आणि सकाळ-संध्याकाळ जवळचे दोन. आता बाग एकसारखी आहे. ठिबकवर सुद्धा अनुदान आहे, पाच एकराच्या आतल्याला राज्याचं धरून ऐंशी टक्क्यांपर्यंत, ते जरूर घ्या.

सर्व्हिसबद्दल मात्र माझी नाराजी आहे आणि ती मी लपवणार नाही. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. बसवायला आले तेव्हा खड्डे आणि सिमेंट तुमचं म्हणून सांगितलं, योजनेत ते त्यांच्याकडंच असतं हे आम्हाला नंतर कळलं. पाच वर्षं देखभाल त्यांच्याकडं, पण दुसऱ्या उन्हाळ्यात मेमध्ये कंट्रोलर बंद पडला, तक्रार नोंदवली, नंबर आला, आणि माणूस यायला एकोणीस दिवस लागले. मेमधले एकोणीस दिवस म्हणजे मोसंबीला काय, ते बागवाल्यांनाच कळेल, फळं लिंबाएवढी असतात आणि झाड तहानलं की सरळ टाकून देतं. टँकर घातले तरी फळगळ झालीच. माणूस आला त्यानं वीस मिनिटात कार्ड बदलून दिलं. वीस मिनिटाच्या कामासाठी एकोणीस दिवस, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यामुळं पोर्टलवर कंपनी निवडताना जाहिरात बघू नका, तालुक्यात त्यांचा माणूस आहे का आणि शेजारच्या गावात ज्यांच्याकडं पंप आहे त्यांना फोन केल्यावर किती दिवसात आला, एवढंच विचारा. बसल्यावर प्लेटांचे आणि कंट्रोलरचे नंबर वहीत लिहून फोटो काढून ठेवा, इन्शुरन्सला लागतात. शेजारच्या शिवारात वळवाच्या वाऱ्यानं एकाचं अख्खं स्ट्रक्चर उलथलं होतं तेव्हा त्याच कागदांवर काम झालं.

प्लेटा पुसण्याचं पण सांगते. आमच्याकडं मार्चपासून धुरळा एवढा की आठ दिवसात काचेवर बोटानं नाव लिहिता येतं. धुतल्या की त्याच वेळेला ड्रम पाच-सहा सेकंद लवकर भरतो, मी मोजलंय. धुवायच्या त्या पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका, तडकते. साबण नको, खरारा नको, धोतराचा जुना कपडा बेस.

आता ज्या विषयावर मला जास्त बोलायचंय तो. पंप बसवायला आलेले पण म्हणाले, बातम्यांत पण येतं, की सोलर घेतला की कार्बन वाचतो, शेती हिरवी होते वगैरे. माझं लग्नाआधी बीएस्सी झालंय, त्यामुळं मला हे नुसतं ऐकून चैन पडेना, वहीत मांडून बघितलं.

इंजनला आम्हाला वर्षाला चारशे लिटरच्या आसपास डिझेल लागायचं. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला एक टनाच्या थोडं वर. पैशात छत्तीस हजाराच्या पुढं. हे दोन्ही पूर्ण वाचलं, यात काही शंका नाही. आणि ज्यांच्याकडं लाईटची मोटार आहे त्यांनी असं समजू नये की आपला धूर दिसत नाही म्हणून आपला कार्बन नाही. आपल्या देशात ग्रिडच्या एका युनिटमागं अजून साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे (पुढं नुसतं कार्बन म्हणते), कारण बरीच वीज कोळशाची. पाच एचपीची मोटार तासाला चार-साडेचार युनिट ओढते, म्हणजे तीन किलोच्या आसपास. आमचं इंजन तासाला एक लिटर प्यायचं, ते पण पावणेतीन किलो. म्हणजे बांधावरचं फटफट करणारं इंजन आणि लांब कुठंतरी जळणारा कोळसा, तासाला हिशेब जवळपास सारखाच. आपल्या राज्यात साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज २०२४ पासून मोफत झाली, ते शेतकऱ्याला गरजेचंच होतं, पण फुकट असली तरी कार्बन तेवढाच.

पण पुढचं ऐका. पाणी हातात आल्यावर आम्ही काय केलं? जे कुणीही करेल तेच. पहिल्याच वर्षी दीड एकर गहू घातला, बांधाकडं एक एकर मका घातली. उत्पन्न वाढलं, घरचे गहू झाले, मक्याचे पैसे पोराच्या फीला गेले, मला याचा आनंदच आहे. पण त्याबरोबर युरियाची वर्षाला आठ पोती वाढली. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोच्या वर. त्यातलं सगळं पीक खात नाही, थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा. जगभर मोजायला जो ठोकताळा वापरतात, दिलेल्या नत्रातलं एक टक्का, तो धरला तर एका पोत्यामागं कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात नव्वद किलोच्या जवळ, आणि युरिया मातीत विरघळताना त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो तो तेहतीस किलो. म्हणजे पोत्यामागं सव्वाशे किलोच्या आसपास, कारखान्यात गॅस जळतो तो वेगळाच. आठ पोत्यांचा झाला एक टन.

इंजन बंद करून एक टन वाचवला आणि शेती वाढवून एक टन परत घातला. मी हा आकडा तीनदा तपासला. २६६ रुपये ५० पैशांचं ते पोतं, स्वस्त म्हणून आपण हात सैल सोडतो.

याचा अर्थ शेती वाढवू नये असा मी अजिबात काढत नाही. आमच्या गव्हाला क्विंटलमागं जेवढा कार्बन लागला तो डिझेलवर काढलेल्या गव्हापेक्षा कमीच आहे, आणि आम्ही पिकवला नाही तर दुसरीकडं कुणीतरी पिकवणारच, लोकांना खायला तर लागतं. पण पंप बसला म्हणजे झालं असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच आहे. देशातल्या तापवणाऱ्या वायूंच्या मोजणीत शेतीचा जो वाटा धरतात, चौदा टक्क्यांच्या आसपास, त्यात पंपाची वीज धरलेलीच नसते, ती ऊर्जेच्या खात्यात जाते. शेतीच्या खात्यात निम्म्याहून जास्त जनावरांच्या रवंथातून येणारा मिथेन, मग खतं आणि भाताची खाचरं. सोलर पंप यातल्या एकालाही हात लावत नाही. त्याचं काम त्याच्या जागी चोख आहे, पण त्याच्याकडून खताचं काम मागू नका, ते आपल्यालाच करावं लागणार. मी यावर्षी मक्याला युरिया तीन हप्त्यात दिला, पेरून मातीआड केला, फेकला नाही, मोसंबीला ठिबकमधून सोडला आणि एकूण तीन पोती कमी लागली. पिवळं काही पडलं नाही.

विहिरीचं पण असंच. डिझेल असताना दोन तास झाले की मनात मीटर फिरायचं, बंद करा आता. सोलरला पैसा लागत नाही, त्यामुळं पहिल्या उन्हाळ्यात सकाळी बटण दाबायचं आणि संध्याकाळपर्यंत बघायचंच नाही असं झालं. एप्रिलच्या मध्यात अकरा वाजताच विहीर तळाला, कंट्रोलर ड्राय रन दाखवून बंद. खालच्या अंगाला ज्यांची विहीर आहे त्या काकू बांधावर येऊन म्हणाल्या, बाई तुझा पंप आल्यापासून आमचं पाणी दोन परसं, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं, खाली गेलं. मला उत्तर देता आलं नाही. झरा एकच आहे, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तेव्हापासून विहिरीच्या कडेवर रंगानं फूट-फुटाच्या खुणा केल्यात, दर सोमवारी दोरीला दगड बांधून पाणी मोजते आणि वहीत लिहिते, फेब्रुवारीत विहिरीत पाणी पंधरा फुटापेक्षा कमी असलं तर उन्हाळी काहीच घालत नाही, फक्त बाग. हिवरेबाजारात अख्खं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवतं आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत, ते आम्ही बचत गटातून जाऊन बघून आलोय. आपल्याकडं गावानं नाही केलं तरी दोन विहिरीवाल्या तरी बसून ठरवू शकतात, काकू आणि मी तेच करतोय.

अजून एक गोष्ट आहे जी मला रोज खुपते. मोसंबीचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं) धरतो तेव्हा डिसेंबरपासून बागेला ताण देतो, म्हणजे महिना-सव्वा महिना पाणी बंद. दुसरं पाणीही कमी. तेव्हा ऊन कसं असतं, स्वच्छ, धारदार, आणि पंधराच्या पंधरा प्लेटा नुसत्या उभ्या. वर्षातले सव्वाशे-दीडशे दिवस पंप चालतो, ढगाळ दिवस सोडले तरी शंभर-सव्वाशे दिवसांचं चांगलं ऊन वाया जातं. दिवसाला वीस युनिट धरा, दोन-अडीच हजार युनिट झाले. आमच्या घराला महिन्याला साठ-सत्तर युनिट लागतात, म्हणजे घराची तीन वर्षांची वीज एका वर्षात प्लेटांवर पडून विझते. तीच ग्रिडला गेली असती तर कोळशाचा दीड टन कार्बन वाचला असता, म्हणजे आमचं डिझेल बंद करून वाचला त्याच्यापेक्षा जास्त. गुजरातमध्ये धुंडी गावात शेतकऱ्यांनी २०१६ साली सोलर पंपवाल्यांची सहकारी मंडळी काढली, पाणी लागेल तेवढं घ्यायचं आणि उरलेली वीज कंपनीला विकायची. वीज विकली की पैसा मिळतो म्हणून पाणीही उगीच उपसलं जात नाही, ही त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट. आपल्याकडं सहकार काय नवा आहे का, साखर झाली, दूध झालं, मग ऊन का नाही. निदान असा कंट्रोलर तरी द्यावा ज्याच्यावर पंप बंद असताना कडबा कुट्टी आणि पिठाची गिरणी चालेल. तसा कंट्रोलर मिळतो, आमच्या सेटमध्ये नव्हता. तुम्ही घेणार असाल तर अर्ज करतानाच विचारा, नंतर बदलायला गेलं की वॉरंटीचा प्रश्न येतो.

ज्यांच्याकडं आधीच कनेक्शन आहे आणि फिडर सौर कृषी वाहिनीवर (सोलर प्रकल्पाची वीज दिवसा शेतीला देणारी सरकारी योजना) गेलाय त्यांनी घाई करू नये असं माझं मत. चुलत दिरांचा फिडर आता त्यावर आहे, दिवसा लाईट येते, एकसारखा दाब मिळतो, प्लेटा पुसायच्या नाहीत, वानरांची भीती नाही, आणि त्या प्रकल्पाची उरलेली वीज ग्रिडमध्येच जाते, वाया जात नाही. कोटेशन भरून वर्षानुवर्षं वाट बघताय, किंवा इंजनवर आहात, किंवा माझ्यासारखी बाई एकटी शेत बघते, त्यांनी मात्र जरूर घ्यावा.

मार्क द्यायचे तर पंपाला पाचपैकी साडेचार, कंपनीच्या सर्व्हिसला दीड. अर्धा मार्क पंपाचा कापला तो ताणाच्या दिवसातल्या वाया जाणाऱ्या उन्हासाठी.

सध्या बाग ताणावर आहे, पानं मुरगळायला लागलीत. जानेवारीत ताण तोडताना गटातल्या ज्यांना यायचंय त्यांनी या, सकाळी नऊला एकदा आणि बाराला एकदा ड्रम लावून दाखवते, वही पण तिथंच ठेवीन.